ब्रॅम्प्टनमध्ये गुमास्ता कुठे मिळतो?

प्रश्न, थोडक्यात: आम्ही सहा वर्षांपूर्वी सातारा जिल्ह्यातून कॅनडातल्या ओंटॅरिओ प्रांतात, ब्रॅम्प्टनला आलो. पीआर (कायम राहण्याचा हक्क) झालं आहे, दोन मुलं आहेत, एका घराचा वरचा मजला भाड्याने घेतला आहे. गेल्या तीन दिवाळ्या मी ओळखीच्यांना फराळ करून देते. पहिल्या वर्षी ११ डबे गेले, गेल्या वर्षी ६४. पैसे ई-ट्रान्स्फरने नवऱ्याच्या खात्यात येतात, हिशेब माझ्या वहीत असतो. आता इथे शिकायला आलेली मुलं रोजच्या जेवणाच्या डब्याबद्दल विचारायला लागली आहेत. मला हे काम नाव ठेवून, नीट करायचं आहे. पण सरकारची परवानगी घेतल्याशिवाय पाऊल टाकायची भीती वाटते. नवरा म्हणतो, सगळ्याजणी अशाच करतात, रजिस्टर केलंस की टॅक्स मागे लागेल. मैत्रीण म्हणते, सरळ कंपनीच काढ. शिवाय मी मनाशी ठरवलेल्या नावाशी जुळणाऱ्या नावाने इथे ब्रॅम्प्टनमध्येच एक बाई फराळ विकतात. आधी परवानगी कुणाची घ्यायची? गावाकडे काकांच्या दुकानात भिंतीवर गुमास्ता, म्हणजे दुकानाच्या नोंदीचा कागद, लावलेला असे. तसा इथला कागद कोणता?

उत्तर:

तुमचं मूळ पत्र चार पानांचं आहे आणि त्यात ‘परवानगी’ हा शब्द सहा वेळा आला आहे. सुरुवात तिथूनच करते, कारण तुमची निम्मी भीती त्या शब्दात आहे. आपल्या भाषेत नोंद वेगळी आणि परवाना वेगळा. बाळ जन्मलं की त्याची नोंद करतो, ते जन्माला घालायची परवानगी मागत नाही. ओंटॅरिओ सरकारकडे धंद्याचं नाव रजिस्टर करणं ही अशी नोंद आहे. ‘या नावामागे मी आहे, माझा पत्ता हा’ एवढंच तुम्ही जाहीर करता. तुम्हाला स्वयंपाक येतो का, तुमचं इंग्रजी कसं आहे, हे तिथे कुणी विचारत नाही. परवानगीसारखं जे काही आहे ते दुसऱ्या दारात आहे. त्या दाराकडे तुमचं लक्षच गेलेलं नाही, म्हणून त्याबद्दल पुढे सविस्तर लिहिते.

काकांच्या गुमास्त्याचं म्हणाल, तर तसा एकच कागद इथे नाही. आपल्याकडे गुमास्ता भिंतीवर लागला की बँकेत खातं निघायचं आणि दुकान ‘कायदेशीर’ झाल्यासारखं वाटायचं. (२०१७ च्या कायद्यानंतर महाराष्ट्रातही थोड्या माणसांच्या लहान दुकानाला नुसती सूचना द्यावी लागते, पण गुमास्त्याचा मनावरचा दरारा काही गेलेला नाही.) इथे तेच काम चार ठिकाणी वाटलेलं आहे. धंद्याचं नाव प्रांत सरकारकडे, कर केंद्राच्या कॅनडा रेव्हेन्यू एजन्सीकडे, स्वयंपाकघर तुमच्या भागाच्या पब्लिक हेल्थकडे आणि घरातून धंदा चालवायचे नियम ब्रॅम्प्टनच्या नगरपालिकेकडे. एकाकडे नोंद झाली म्हणून बाकीच्या तिघांकडचं काम आपोआप होत नाही. मला येणाऱ्या पत्रांत सगळ्यात जास्त घोटाळा इथेच दिसतो. लोक नाव रजिस्टर करतात, पावती जपून ठेवतात आणि सगळं झालं असं समजून बसतात.

आता नावाचं बघू, ते सोपं आहे. तुम्ही स्वतःच्या नाव-आडनावाने, त्याला काहीही न जोडता विकत असाल, तर नोंदीची गरजच नाही. पण ‘फूड्स’, ‘किचन’, ‘फराळघर’ असं काही जोडलं किंवा पूर्ण वेगळं नाव घेतलं की नोंद करावी लागते. ऑक्टोबर २०२१ पासून हे काम ओंटॅरिओ बिझनेस रजिस्ट्रीवर घरबसल्या होतं. एकट्या मालकाच्या धंद्याला फी ६० डॉलर आणि नोंद पाच वर्षं चालते, म्हणजे महिन्याला एक डॉलर. नाव रोमन अक्षरांत द्यावं लागतं. तेव्हा स्पेलिंग आधीच पक्कं करा आणि बँक, लेबल, पावती सगळीकडे तेच ठेवा. घर बदललं तर १५ दिवसांत पत्ता बदलून घ्यायचा. तुम्ही भाड्याने राहता म्हणून हे मुद्दाम सांगते. आणि तो पत्ता कुणालाही पाहता येतो, हेही नोंद करण्याआधी माहीत असू द्या.

नोंद न करता दुसऱ्या नावाने धंदा केला, तर व्यक्तीला २,००० डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो. पण दंडाहून मला दुसरी गोष्ट महत्त्वाची वाटते. नोंद नसेल तर त्या धंद्याच्या बाबतीत कोर्टाच्या खास परवानगीशिवाय तुम्हाला दावा चालवता येत नाही. समजा एखाद्या कार्यक्रमासाठी कुणी ५० डब्यांची ऑर्डर दिली, डबे नेले आणि पैसे बुडवले. वही तुमच्याकडे आहे, मेसेज आहेत, तरी कोर्टाच्या पायरीवर तुम्हीच अडकून पडाल.

त्या दुसऱ्या बाईंचं काय? तुम्ही आधी नोंद केली म्हणून त्यांना नाव सोडावं लागेल असं नाही आणि त्यांनी आधी केली म्हणून तुमची नोंद अडेल असंही नाही. या नोंदीने नावाची मालकी मिळत नाही, रजिस्ट्रीत एकाच नावाचे दोन धंदे असू शकतात. मालकी हवी तर ट्रेडमार्कचा रस्ता आहे आणि तो केंद्राकडे जातो. मात्र लोकांना दोघी एकच वाटतील असं नाव घेतलं, तर त्या तुमच्यावर दावा करू शकतात. खरं सांगू? तुम्ही दुसरं नाव शोधा. तुमच्या पत्रात आईच्या हातच्या भाजणीबद्दल जो परिच्छेद आहे, त्यात तीन चांगली नावं दडलेली आहेत. पहिल्याच वर्षी शेजारणीशी नावावरून तंटा कशाला? उद्या मोठी ऑर्डर आली तर अर्धी त्यांच्याकडे सोपवायची वेळ येईल, तेव्हा बोलणं चालू असलेलं बरं.

आता तुमच्या यजमानांच्या म्हणण्याकडे वळते. ते वाईट हेतूने बोलत नाहीत, पण त्यांची समजूत उलटी आहे. कर नोंदीमुळे लागत नाही, कमाईमुळे लागतो. पहिल्या डब्याच्या नफ्यापासून ते तुमचं उत्पन्न आहे आणि तुमच्या रिटर्नमध्ये दाखवायचं आहे, नाव रजिस्टर असो वा नसो. ई-ट्रान्स्फरची नोंद बँकेत राहतेच. पैसे त्यांच्या खात्यात गेले म्हणून कमाई त्यांची होत नाही.

ते कदाचित एचएसटीबद्दल, म्हणजे इथल्या विक्रीकराबद्दल, ऐकून असतील. ते वेगळं प्रकरण आहे. सलग चार तिमाहींत मिळून किंवा एकाच तिमाहीत तुमची विक्री ३०,००० डॉलरच्या वर गेली, तरच एचएसटीची नोंद सक्तीची होते. ही मर्यादा विक्रीवर मोजतात, नफ्यावर नाही. फराळाच्या ६४ डब्यांनी तुम्ही तिच्या जवळपासही नाही. रोजचे डबे सुरू केलेत तर मात्र दर तिमाहीला बेरीज करत चला. १५ डॉलरचे वीस डबे आठवड्यातून पाच दिवस गेले, तर वीस आठवड्यांत ३०,००० होतात.

आयकराचा हिशेब घाबरण्यासारखा नाही. विक्रीतून बेसन, तेल, तूप, डबे, पोचवायला गेलेलं पेट्रोल असे धंद्याचे खर्च वजा होतात आणि उरतो त्या नफ्यावर कर. यासाठी तुमच्या रिटर्नला टी२१२५ नावाचा फॉर्म जोडायचा. स्वतःचा धंदा असलेल्यांना आणि त्यांच्या जोडीदारांना रिटर्न भरायला १५ जूनपर्यंत मुदत असते, पण कर देणं निघत असेल तर तो ३० एप्रिलपर्यंतच भरायचा. पावत्या सहा वर्षं सांभाळायच्या. तुमची वही हा तुमचा सगळ्यात मोठा आधार आहे. फक्त त्यात खर्चाची बाजूही लिहायला लागा. पत्रासोबत पाठवलेल्या पानावर जमा आहे, पण तेलाचा डबा कितीला आणला ते नाही.

मागच्या तीन दिवाळ्या रिटर्नमध्ये दाखवलेल्या नसतील, तर त्या आता सुधारून घ्या. मागच्या दहा वर्षांपर्यंतची रिटर्न दुरुस्त करता येतात. रक्कम लहान आहे, खर्च वजा करून कदाचित आणखी लहान होईल. पण तुम्हाला दोन मुलं आहेत आणि मुलांसाठी दरमहा येणारा चाइल्ड बेनिफिट घराच्या एकूण उत्पन्नावर ठरतो. लपलेलं उत्पन्न नंतर बाहेर आलं, तर तिथले पैसेही परत करावे लागू शकतात. आपण होऊन दुरुस्त केलेल्या चुकीचं ओझं बरंच हलकं असतं.

आणखी एक गोष्ट तुमच्याशी बोलायची आहे. तुमची कमाई तुमच्या नावावर दिसत नाही, याचा त्रास करापेक्षा पुढे म्हातारपणी होतो. स्वतःच्या धंद्याचा निव्वळ नफा वर्षाला ३,५०० डॉलरच्या वर गेला, की त्यावरच्या रकमेवर कॅनडा पेन्शन प्लॅनचा हप्ता भरावा लागतो आणि मालक-नोकर असे दोन्ही वाटे आपलेच असल्याने तो ११.९ टक्के बसतो. ऐकताना जड वाटतं, आहेही. पण ती पेन्शन तुमच्या नावाची असते. सहा वर्षं तुम्ही घर सांभाळलंत, त्या वर्षांचा तुमच्या पेन्शन खात्यात एकही डॉलर नाही. तेव्हा नाव रजिस्टर झाल्याबरोबर त्या कागदावर स्वतःचं वेगळं बँक खातं उघडा आणि डब्यांचे पैसे तिथेच येऊ द्या. यजमानांना हा अविश्वास वाटू नये म्हणून हिशेब त्यांच्यासोबत बसून करा. पण खातं तुमचं हवं.

कंपनी काढायचं आत्ता नको. ओंटॅरिओत कंपनी काढायला ३०० डॉलर, केंद्राकडे २००. खर्च तिथे थांबत नाही, दरवर्षी कंपनीचं वेगळं रिटर्न भरायचं, त्याला अकाउंटंट लागणार. कंपनीचा खरा उपयोग धंद्याची देणी आपल्या घरादारापर्यंत येऊ नयेत यासाठी. एकट्या मालकाच्या धंद्यात ती भिंत नसते, ही मैत्रिणीची काळजी रास्त आहे. पण ६४ डब्यांच्या धंद्याला त्यासाठी चांगला विमा पुरतो. उद्या माणसं ठेवलीत, जागा घेतलीत, तर हा विचार पुन्हा करा.

आता ते दुसरं दार. तुमच्यासाठी खरा प्रश्न नावाचा नाही, चुलीचा आहे. विकण्यासाठी घरात अन्न शिजवायचं असेल, तर सुरू करण्याआधी तुमच्या भागाच्या पब्लिक हेल्थला कळवावं लागतं. ब्रॅम्प्टन, मिसिसागा आणि कॅलेडनसाठी ते पील पब्लिक हेल्थ. ओंटॅरिओच्या अन्नाच्या नियमावलीत १ जानेवारी २०२० पासून घरगुती धंद्यांना एक मोठी सवलत आहे. थंड किंवा गरम ठेवावे लागत नाहीत असे कमी जोखमीचे पदार्थ, म्हणजे पाव, बिस्किटं, चिक्कीसारख्या गोळ्या-मिठाया, लोणची, मुरांबे, दाणे, सुकामेवा, घरी करून विकले, तर व्यावसायिक स्वयंपाकघराच्या काही अटी माफ होतात. भांड्यांसाठी खास सिंक लागत नाही, अन्न हाताळणीचं प्रमाणपत्रही सक्तीचं नाही. पण कळवावं लागतंच आणि इन्स्पेक्टर येऊन पाहू शकतात.

आपल्या फराळाचा मोठा भाग स्वभावतःच या सवलतीत बसण्यासारखा आहे. चकली, शेव, शंकरपाळे, चिवडा, बेसनाचे लाडू हे पदार्थ आपल्या आज्यांनी महिनाभर टिकावेत म्हणूनच घडवले. कोरडेपणा, साखर, तूप हीच त्यांची राखण. पण यादीतला प्रत्येक पदार्थ तसा नाही. सुक्या खोबऱ्याची करंजी आणि ओल्या नारळाची करंजी आपल्याला बहिणी वाटतात, इन्स्पेक्टरला त्या दोन वेगळ्या जाती दिसतील. नारळाच्या वड्या, खव्याचे पेढे, पुरणपोळी यांत ओल असते. त्यामुळे फोन करताना नुसतं ‘दिवाळी स्नॅक्स’ म्हणू नका. प्रत्येक पदार्थात काय पडतं, तो किती दिवस टिकतो, फ्रिजमध्ये ठेवावा लागतो का, हे कागदावर इंग्रजीत लिहून तयार ठेवा. त्यांनी ‘अनारसे’ हा शब्द कधी ऐकलेला नसेल. तांदळाचं पीठ, गूळ, खसखस, तळलेलं, कोरडं, असं सांगितलं की समजतं. उत्तर ईमेलवर मागा आणि जपून ठेवा.

रोजचा डबा मात्र या सवलतीत येत नाही. वरण, भात, भाजी, आमटी हे सगळं तापमान सांभाळायचं अन्न आहे. गरम असेल तर ६० अंश सेल्सिअस किंवा त्याहून जास्त, थंड असेल तर ४ अंश किंवा त्याहून कमी, हा नियम आहे. हात धुवायला वेगळं बेसिन, भांड्यांसाठी वेगळ्या खणांचं सिंक, काम चालू असताना अन्न हाताळणीची परीक्षा पास झालेला किमान एक माणूस हजर, असं सगळं लागतं. भाड्याच्या घराच्या स्वयंपाकघरात हे बसवणं मला कठीण दिसतं. तुमच्या पत्रात चकली आणि जेवणाचा डबा एकाच वाक्यात आले आहेत, जणू दुसरं पहिल्याचीच पुढची पायरी. माझ्या मते हे दोन वेगळे धंदे आहेत. मार्ग दोन आहेत. तपासणी झालेलं, तासावर मिळणारं व्यावसायिक स्वयंपाकघर भाड्याने घ्यायचं, किंवा डबा वर्षभर पुढे ढकलून यंदा फराळच पूर्ण नियमात करायचा. पहिला निवडलात तर तासाचं भाडं धरून डब्याची किंमत काढा आणि त्या किमतीला मुलं घेतील का ते त्यांनाच विचारा. मी तुमच्या जागी असते तर दुसरा निवडला असता, आणि दरम्यान अन्न हाताळणीची परीक्षा देऊन टाकली असती. ते प्रमाणपत्र पाच वर्षं चालतं आणि फराळालाही त्या शिकण्याचा उपयोग होतो.

पोटच्या मुलाइतक्या वयाची ती मुलं घरच्या जेवणासाठी आसुसलेली आहेत, त्यांना नाही म्हणणं जड जाईल, हे कळतं. पण कोमट राहिलेल्या भाताने त्यातलं एखादं पोर आजारी पडलं, तर ते तुम्ही विसरू शकणार नाही.

लेबलवर घटक पूर्ण लिहा. कॅनडाच्या मुख्य ॲलर्जींच्या यादीत शेंगदाणे, काजू-बदाम, गहू, दूध तर आहेतच, तीळ आणि मोहरीही आहेत. आपण मोहरीला फोडणी समजतो, घटक समजत नाही. आणि हिंगाची डबी उलटून वाचा, बहुतेक हिंगात गव्हाचं पीठ असतं. तुमचा ‘गहू नसलेला’ चिवडा त्या चिमटीमुळे गहू असलेला होतो.

घरमालकांना सांगितल्याशिवाय पुढे जाऊ नका. भाडेकरार वाचा, त्यांचं हो लेखी घ्या. भाडेकरूचा विमा काढला असेल तर विमा कंपनीला कळवा, कारण तासन्‌तास तळण चालणारं घर त्यांच्या दृष्टीने वेगळं असतं. घरातून धंदा करायचे नियम नगरपालिकेला एका फोनवर विचारता येतात. ब्रॅम्प्टन आंत्रप्रन्योर सेंटरमध्ये नव्या धंद्यांना मोफत सल्ला मिळतो, तो घ्याच. ओंटॅरिओच्या इतर शहरांतही अशी केंद्रं आहेत. त्यांच्यामार्फत चालणाऱ्या स्टार्टर कंपनी प्लस या योजनेत प्रशिक्षणाबरोबर ५,००० डॉलरपर्यंत अनुदान मिळू शकतं. पुढची तुकडी कधी, ते विचारा.

तुमच्यासारखाच विचार करणाऱ्या इतर वाचकांना दोन गोष्टी सांगते. तुम्ही एकाच मालकाशी बांधलेल्या वर्क परमिटवर असाल, तर स्वतःचा धंदा हे त्या परमिटबाहेरचं काम आहे. आधी इमिग्रेशनचा सल्ला घ्या, मग नावाचा विचार करा. आणि कॅलगरीच्या किंवा व्हँकूवरच्या लोकांना फराळ विकायचा बेत असेल, तर माल प्रांताची हद्द ओलांडतो आणि केंद्राचा अन्न परवाना लागतो. भावाला प्रेमाने पाठवलेला डबा यात येत नाही.

नोंद स्वतः करा. ‘ओंटॅरिओ रजिस्ट्रेशन’ असं शोधलं की खाजगी कंपन्यांची पानं पुढे येतात आणि त्याच कामाचे जास्त पैसे घेतात. नोंद झाल्यावर सरकारीच वाटेल असं पत्र घरी येऊ शकतं, ‘प्रमाणपत्रासाठी अमुक डॉलर भरा’ म्हणून. पैसे भरण्याआधी ते कोणाचं आहे हे खालच्या बारीक अक्षरांत वाचा.

म्हणून क्रम असा धरा: आधी घरमालक, मग पील पब्लिक हेल्थ, मग नगरपालिका आणि विमा. तिथून हो आलं की एखाद्या संध्याकाळी मुलं झोपल्यावर रजिस्ट्रीवर नाव टाका, आठवड्याभरात खातं उघडा. हे सगळं भाजणी दळून आणायच्या आधी उरकायला हवं, नंतर तुम्हाला श्वास घ्यायला वेळ मिळणार नाही. पील पब्लिक हेल्थच्या फोनसाठी पदार्थांची यादी आजच लिहायला घ्या, आणि ओल्या नारळाच्या करंज्यांचं उत्तर काय येतं ते मला नक्की कळवा. तोच प्रश्न विचारणारी आणखी दोन पत्रं माझ्याकडे आहेत.